पहाऱ्यातून निसटलेला जंतू : मेच्निकॉव्ह, हाफकिन आणि प्लेग

जॉर्ज बर्नार्ड शॉचे ‘द डॉक्टर्स डायलेमा’ हे नाटक नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या कोर्ट थिएटरात प्रथम रंगभूमीवर आले. इंग्रजी साहित्याच्या वर्गात ते शिकवताना विद्यार्थी सर्वात जास्त हसतात ते सर राल्फ ब्लूमफील्ड बॉनिंग्टन या बड्या डॉक्टरला. रोग कोणताही असो, या गृहस्थाचा उपाय ठरलेला : रोग्याच्या रक्तातल्या भक्षकपेशींना चेतवा, त्या जंतूंना खाऊन टाकतील, औषधे वगैरे सगळी थोतांडे. दुसरा डॉक्टर सर कोलेन्सो रिजन जरा सूक्ष्म विचाराचा आहे. त्याचे म्हणणे, भक्षकपेशी जंतूला तसाच कोरडा खात नाहीत. त्याला आधी लोणी फासावे लागते. या ‘लोण्या’चे शास्त्रीय नाव ऑप्सोनिन. ते शॉने कल्पनेतून काढलेले नव्हते. आल्मरॉथ राइट आणि डग्लस या दोघांनी १९०३ साली ते मांडले होते, आणि ‘भोजनाची सिद्धता करणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडवले होते. रिजन हे पात्र राइटवरूनच बेतलेले आहे.

नाटकाच्या अभ्यासपूर्ण आवृत्त्यांत या साऱ्यावर दोन ओळींची टीप असते आणि आपण पुढच्या अंकाकडे वळतो. वळायला हरकत नाही. शॉला वैद्यकाच्या धंद्यावर कोरडे ओढायचे होते, जीवशास्त्र शिकवायचे नव्हते. परंतु त्या विनोदाच्या पोटात एक खरा प्रश्न दडलेला आहे. भक्षकपेशी जर प्रत्येकाच्या रक्तात जन्मापासून आहेत, तर काही जंतू खाल्ले का जात नाहीत? नुसते लोणी कमी पडते म्हणून, की जंतूही काही करतो म्हणून? या प्रश्नाचा इतिहास ओडेसा, मेसिना, पॅरिस असा फिरत मुंबईच्या मांडवीत येतो आणि तिथे बराच काळ रेंगाळतो. प्लेगवर मराठीत लिहिणाऱ्यांनी त्याची दखल अभावानेच घेतलेली आहे.

इल्या मेच्निकॉव्ह हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. १८८२ साली ओडेसाच्या विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून त्याने प्राध्यापकपद सोडले आणि कुटुंबासह सिसिलीतील मेसिना गाठले. घरची मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडे पाहायला गेली असताना तो एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक डिंभकाच्या शरीरात इकडेतिकडे फिरणाऱ्या पेशी पाहताना त्याला वाटले, याच पेशी प्राण्याचे रक्षण करीत असतील काय? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्याने ते डिंभकाच्या अंगात टोचले. रात्रभर झोप लागली नाही. पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. ही हकीगत त्यानेच पुढे सांगितलेली आहे, त्यामुळे तिच्यावर थोडे साहित्यिक संस्कार झाले असणार हे गृहीत धरावे. निरीक्षण मात्र खरे ठरले. पुढच्या वर्षी व्हिएन्नात क्लाऊस या प्राणिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्या पेशींना ‘फॅगोसाइट’ हे ग्रीक नाव मिळाले.

साहित्याच्या वाचकाला मेच्निकॉव्ह दुसऱ्या एका वाटेनेही परिचित असायला हवा. त्याचा थोरला भाऊ इव्हान इल्यिच मेच्निकॉव्ह तूला येथे न्यायाधीश होता. तो १८८१ साली वारला. त्याच्या मरणाची हकीगत टॉलस्टॉयच्या कानी गेली आणि १८८६ मध्ये ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. त्याच १८८१ मध्ये इल्याने स्वतःला पुनरावर्ती ज्वराच्या रोग्याचे रक्त टोचून घेतले होते. तो त्याचा आत्महत्येचा दुसरा प्रयत्न. १९०९ साली तो यास्नाया पोल्याना येथे जाऊन टॉलस्टॉयला भेटला, तेव्हा विज्ञानावर अविश्वास असलेला वृद्ध लेखक आणि मरण लांबवण्याच्या ध्यासाने झपाटलेला शास्त्रज्ञ समोरासमोर आले. या भेटीवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. येथे इतकेच सांगायचे की, शरीराचे रक्षण शरीरच करते हा सिद्धांत मांडणारा माणूस मरणाशी फार जवळून परिचित होता.

त्याचा सिद्धांत सहजासहजी मान्य झाला नाही. जर्मन पंडितांचा कल रक्तद्रवाकडे होता. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्पाच्या विषावरचे प्रतिविष रक्तद्रवात दाखवल्यावर तर पेशीवाल्यांची बाजू लंगडी पडली. वाद राष्ट्रीय अभिमानाचा झाला, कारण तोवर मेच्निकॉव्ह पाश्चरच्या पॅरिसमधील संस्थेत येऊन बसला होता. १९०८ चे नोबेल त्याला आणि रक्तद्रववादी पॉल एर्लिख याला विभागून दिले गेले. दोन पक्षांना एकेक विडा देऊन मिटवलेल्या तंट्यासारखाच तो प्रकार होता. या वादाच्या धुरळ्यात मेच्निकॉव्हचेच एक निरीक्षण मागे राहिले. १८८४ साली त्याने डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्या पिसवांना जडणाऱ्या बुरशीचा अभ्यास केला होता. बुरशीचे सुईसारखे बीजाणू अंगात शिरले की भक्षकपेशी त्यांना गाठून फस्त करीत. पण एखादा बीजाणू रुजून वाढू लागला, तर उलटेच घडे : भक्षकपेशीच विरघळून जात. भक्षण होते आणि ते फसतेही, या दोन्ही गोष्टी त्याच्या पानावर शेजारी शेजारी होत्या. पाठ्यपुस्तकांनी पहिली उचलली.

येथे वाल्देमार हाफकिन प्रवेश करतो. जन्म ओडेसाचा, १८६० चा. विद्यापीठात मेच्निकॉव्हचा विद्यार्थी. ज्यू असल्यामुळे आणि क्रांतिकारकांच्या सहवासामुळे झारशाहीत त्याला वाट नव्हती. तोही पॅरिसला गुरूच्या पाठोपाठ पोचला आणि पाश्चर संस्थेत आधी ग्रंथालयात दुय्यम नोकरीला लागला. त्याचे नाव आपण पटकी आणि प्लेगच्या लसींशी जोडतो. त्या अगोदर, १८९० साली, त्याने लिहिलेला एक निबंध आता जीवशास्त्राच्या बाहेर कोणी उघडत नाही. विषय होता पॅरामिशियमचे रोग. पॅरामिशियम हा एकपेशीय जीव. जंतू गिळून पचवणे हाच त्याचा संसार. हाफकिनने पाहिले की काही जंतू या भक्षकाकडून गिळले जातात, पण पचत नाहीत; ते थेट त्याच्या केंद्रकात जाऊन बिऱ्हाड थाटतात. त्याने त्यांना दिलेले ‘होलोस्पोरा’ हे नाव आजही चालू आहे. गुरू जंतू खाल्ले जातात हे सिद्ध करण्यात गुंतलेला असताना शिष्य न पचणाऱ्या जंतूंचे वर्णन करीत होता. या विसंगतीची जाणीव दोघांना कितपत होती हे सांगणे कठीण आहे. मला मात्र हाफकिनच्या पुढच्या साऱ्या आयुष्यावर त्या निबंधाची सावली दिसते.

मुंबईतली हकीगत ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका तोकड्या जागेत कामाला लागला. प्लेगचा जंतू सापडून दोनच वर्षे झाली होती. जून १८९४ मध्ये हाँगकाँगला आलेक्सांद्र येरसां याने त्याचे वर्णन केले होते. हाफकिनने मांसरसाच्या चंबूत तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला चिकटून गुहेतल्या चुनखडीच्या लोलकांसारखे खाली लोंबत वाढू लागले. चंबू हलवला की लोलक गळून तळाशी जात आणि थेंबांना नवे फुटत. काही आठवड्यांनी तो रस तापवून जंतू मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. शॉच्या नाटकातल्या लोण्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी मुंबईत खऱ्याखुऱ्या तुपावर जंतू पोसले जात होते, हा योगायोग कोणा नाटककाराच्या हाती लागला नाही.

लस काही अंशी गुणकारी ठरली : टोचून घेतलेल्यांत लागण कमी, मृत्यू त्याहून कमी. ती का लागू पडते याचे उत्तर हाफकिनजवळ नव्हते. मेलेल्या जंतूंचा साका आणि रसात उतरलेले विष या दोहोंचा मिळून परिणाम होतो असा त्याचा तर्क होता. मार्च १८९७ मध्ये येरसां स्वतःच घोड्याच्या रक्तातले प्रतिविष घेऊन मुंबईत आला. त्याचा परिणाम निराशाजनक निघाला. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया यांनी पाठवलेल्या पथकांचे डॉक्टर शवविच्छेदने करीत होते. त्यांना रोग्यांच्या गाठींत जंतूंचा अक्षरशः चिखल आढळे. एवढी गर्दी होईपर्यंत भक्षकपेशी काय करीत होत्या? ज्या सिद्धांताच्या घरातून हाफकिन आला होता, त्या सिद्धांताला मुंबईतला हा चिखल गैरसोयीचा होता.

इथे पुण्याकडे वळणे भाग आहे. प्लेगला त्या काळी ग्रंथिक सन्निपात म्हणत. जांघेत किंवा काखेत येणारी गाठ हीच त्याची ओळख. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर फिरू लागल्या. त्या काय शोधत होत्या? गाठ. माजघरे, देवघरे उघडली जात, माणसांना रस्त्यावर आणून काखा आणि जांघा तपासल्या जात. बायकांच्या बाबतीत हा अपमान किती खोल गेला हे त्या काळच्या वृत्तपत्रांतून आणि आठवणींतून पुरेसे नोंदले गेले आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, हे सारे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले वारल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि त्यातच त्यांना प्लेग झाला.

या इतिहासात सरकार आहे, लोक आहेत, पुढारी आहेत. जंतू नाही. तो एक स्थिर, मुकी पार्श्वभूमी म्हणून धरलेला असतो, नाटकातल्या पडद्यासारखा. माझा आक्षेप एवढाच आहे की, या पार्श्वभूमीला स्वतःचा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याखेरीज रँडच्या तपासणीतली दारुण निरर्थकता पुरती कळत नाही. पिसू चावल्यापासून गाठ दिसेपर्यंत साधारणपणे दोन ते सहा दिवस जातात. तेवढ्या काळात अंगात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. शिवाय गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून येतो, माणसाच्या काखेतून नाही. पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत ते दाखवले होते. त्याची थट्टा झाली. १९०५ साली नेमलेल्या आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा प्रयोग केले तेव्हा कोठे ते मान्य झाले. म्हणजे शिपाई जे चिन्ह शोधत होते ते फार उशिरा उमटणारे होते आणि ते सापडल्याने साथ अडणारीही नव्हती. चिन्ह उशिरा उमटते, याचे कारण मात्र परळलाही सापडले नाही. त्यासाठी अर्धे शतक थांबावे लागले.

१९५९ साली कॅव्हनॉ आणि रँडल या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. आजवर सर्वांनी प्रयोगशाळेत ऊबदार तापमानात वाढवलेले जंतू वापरले. पण पिसवाच्या पोटातून येणारा जंतू तसा असतो का? पिसू थंड रक्ताचे, त्याच्या पोटात जंतू उघडावाघडा असतो, त्याच्याभोवती आवरण नसते. असा जंतू माणसाच्या अंगात आला की भक्षकपेशी त्याला गिळतात. मेच्निकॉव्ह येथपर्यंत बरोबर होता. न्यूट्रोफिल या जातीच्या पेशींनी गिळलेले जंतू मरतात. पण मॅक्रोफेज जातीच्या पेशींनी गिळलेले मरत नाहीत. त्यांच्या पोटातच, शरीराच्या ३७ अंशांच्या उबेत, ते वाढतात, अंगाभोवती आवरण विणतात आणि बाहेर पडतात. बाहेर आलेल्या जंतूला आता कोणतीच भक्षकपेशी सहजी गिळू शकत नाही. कुंपणाने शेत खाल्ले ही म्हण आपण किती सैलपणे वापरतो! इथे ती तंतोतंत लागू आहे. या आवरणाचे मुख्य प्रथिन १९५० च्या आगेमागे वेगळे काढले गेले होते. पुढे त्याला एफ-१ म्हणू लागले. मेलेल्या जंतूंच्या लसीचा उपयोग होतो तो बराचसा शरीर या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते म्हणून. म्हणजे रिजनचे लोणीच, फक्त कवचावर फासलेले.

परंतु आवरण हा एकच उपाय असता तर गोष्ट सोपी होती. आवरण नसलेले जंतूही प्राणघातक असू शकतात हे लवकरच दिसून आले. १९५६ मध्ये इंग्लंडात बरोज आणि बेकन यांनी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन अक्षरे दिलेले पदार्थ दाखवले. त्यांचा भक्षण टळण्याशी संबंध आहे एवढेच कळत होते. १९८० नंतर या जंतूच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर एक संपूर्ण यंत्रणा लिहिलेली आढळली. तिच्यातून निघणाऱ्या प्रथिनांना ‘योप’ म्हणतात, म्हणजे येरसिनियाची बाह्य प्रथिने. हे नाव चुकीचे आहे. ती जंतूच्या बाहेरच्या पटलाची असतात अशा समजुतीतून ते पडले. १९९० च्या दशकात उमगले की ती जंतूची नव्हेत, जंतूने यजमानाच्या पेशीत टोचायची प्रथिने आहेत. चूक दुरुस्त झाली, नाव राहिले. शब्दांच्या इतिहासात रस असणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही.

टोचण्याचे साधन म्हणजे जंतूच्या अंगावर उभी राहणारी पोकळ सूक्ष्म सुई. बरोजचा ‘व्ही’ पदार्थ तिच्या टोकाशी बसतो. भक्षकपेशी जंतूला भिडते, गिळण्यासाठी आपले अंग पुढे सारते, आणि नेमक्या त्या क्षणी सुईतून प्रथिने तिच्या आत जातात. एक प्रथिन पेशीतले फॉस्फेटचे खुणांचे गट पुसून टाकते. गिळण्याचा जो हुकूम आत चालला होता तो वाटेतच पुसला जातो. दुसरे पेशीच्या आतला सांगाडा हलवणारी कळ बंद करते. तिसरे धोक्याची सूचना केंद्रकापर्यंत नेणाऱ्या निरोप्यांवर ॲसिटिल गट चिकटवून त्यांची वाचा बंद करते. मेच्निकॉव्हला काट्याभोवती गराडा दिसला, कारण काटा काही टोचून देत नव्हता. विशेष म्हणजे उंदरांवरील प्रयोगांत ही प्रथिने प्रामुख्याने मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि डेंड्रिटिक पेशींतच टोचलेली आढळली. शरीरात आजूबाजूला असंख्य इतर पेशी असताना नेम पहारेकऱ्यांवरच.

येथवर वर्णन लिहिताना मी पहारेकरी, हुकूम, निरोप्या, कुंपण असे शब्द वापरले. याला पर्याय नाही असे म्हणून मोकळे होता येईल, पण साहित्याच्या माणसाने तरी थोडे थांबावे. या विषयाची सारी परिभाषा लढाईची आहे : आक्रमण, संरक्षण, तटबंदी, चकवा. मेच्निकॉव्हच्या काळी फ्रान्स-जर्मनीची भांडणे ताजी होती, रँडच्या काळी प्लेगची मोहीम खरोखरच पलटणींनी चालवली. मराठी मनाला तर गनिमी कावा हा शब्द जिभेवरच असतो आणि तो इथे वापरायचा मोह मलाही झाला. तो चुकीचा ठरला असता. काव्याला डाव लागतो, डावाला मन लागते. जंतूला यातले काही नाही. त्याचा इतिहास पाहिला तर त्याने शिकण्यापेक्षा विसरण्यातूनच अधिक मिळवले आहे.

हे विधान विचित्र वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने. प्लेगचा जंतू काही हजार वर्षांपूर्वी आतड्याचा सौम्य आजार करणाऱ्या दुसऱ्या एका जंतूपासून निघाला. मूळ जंतूजवळ असलेली कितीतरी जनुके याच्याजवळ मोडक्या स्थितीत आहेत किंवा नाहीतच. त्यातले एक महत्त्वाचे. अशा जंतूंच्या बाहेरच्या पटलात लिपिड ए नावाचा रेणू असतो. त्याला मेदाम्लांच्या शेपट्या असतात, साधारणतः सहा. सहा शेपट्यांचा हा रेणू आपल्या पेशींवरील टोल-४ नावाच्या ग्राहकाला लागला की धोक्याची घंटा घणघणू लागते : ताप, सूज, भक्षकपेशींची धाव. टोलचे मूळ संशोधन फळमाशीतले. माणसातले त्याचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस कळले, आणि २०११ चे नोबेल त्या कामाला मिळाले. प्लेगचा जंतू पिसवाच्या थंड पोटात सहा शेपट्यांचा लिपिड ए करतो. माणसाच्या ३७ अंशांत आला की चारच शेपट्यांचा करतो, आणि चार शेपट्या माणसाच्या टोल-४ ला जवळजवळ ऐकूच येत नाहीत. उबेतही सहा शेपट्या जोडणारे जनुक पूर्वजाजवळ आहे. याने ते गमावले. दोन मात्रा गळल्या आणि ओळ कानाला लागेनाशी झाली.

हा नुसता तर्क नाही. २००६ साली अमेरिकेत एगिल लीन आणि सहकाऱ्यांनी प्लेगच्या जंतूला एका साध्या आतड्यातल्या जंतूचे ते हरवलेले जनुक परत दिले. आता तो उबेतही सहा शेपट्यांचा लिपिड ए करू लागला. आवरण, सुई, योप सारे जागेवर होते. तरीही तो उंदरांना मारीनासा झाला. ज्या उंदरांत टोल-४ च नव्हता त्यांना मात्र तो पूर्वीसारखाच मारी. शिवाय सामान्य उंदरांत तोच जिवंत जंतू उत्तम लस ठरला. फक्त त्याची चाहूल लागली पाहिजे, एवढेच पुरे होते. आदल्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले होते की फुफ्फुसाच्या प्लेगात उंदराच्या फुफ्फुसात पहिले छत्तीस तास जंतू बेसुमार वाढत असतात आणि सूज म्हणून दिसत नाही. मुंबईत परदेशी डॉक्टरांना दिसलेला तो चिखल अशा शांततेत तयार झालेला होता. रोग्याला ताप भरतो, गाठ उठते, ती शरीराला उशिरा आलेली जाग असते. रँडचे शिपाई त्या जागेची खूण शोधत पेठांतून फिरत होते.

यजमानाच्या बाजूलाही इतिहास आहे. सांगाडा हलवणारी कळ जंतूने बंद केली की ती बिघडल्याचेच भान ठेवणारे पायरिन नावाचे एक प्रथिन आपल्या पेशींत असते. जंतू दिसला नाही तरी कुलपाशी झालेली छेडछाड त्याला कळते. त्यावर प्लेगच्या जंतूजवळ पायरिनला गप्प करणारे आणखी एक योप आहे. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत पायरिनच्या जनुकात बदल होऊन वारंवार ताप येण्याचा एक आनुवंशिक विकार आढळतो. हे बदललेले पायरिन त्या योपने सहजी गप्प होत नाही असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. प्राचीन प्लेगच्या साथींतून वाचलेल्यांची ती मिरास असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. तो पटण्याजोगा आहे, पण तर्कच आहे. विनाकारण तापणारे शरीर हे कधीकाळी वेळेवर तापलेल्या शरीराचे वंशज असू शकते, ही कल्पना मात्र सहज मनातून जात नाही.

हाफकिनला यातले काहीच कळणे शक्य नव्हते, आणि त्याच्या वाट्याला आलेली शोकांतिका वेगळ्याच जंतूची. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्याची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. धनुर्वाताचा जंतू भक्षकपेशींशी लपंडाव खेळत बसत नाही. त्याचे विष पुरते. दोष लसीच्या कुपीत परळलाच शिरला असा ठपका हाफकिनवर आला, त्याचे पद गेले. कुपी उघडताना गावातच चूक झाली असण्याचा पुरावा पुढे आला आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदींनी उघडपणे बाजू घेतल्यावर तो दोषमुक्त झाला. त्याला पुन्हा कलकत्त्यात नेमले. मुंबईची प्रयोगशाळा मिळाली नाही. १९२५ साली परळच्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले तेव्हा तो युरोपात होता. १९३० मध्ये लोझान येथे वारला. भारतात प्लेगने तोवर एक कोटीहून अधिक माणसे नेली होती.

साहित्याने या जंतूला बहुधा प्रतीक म्हणून घेतले. कामूच्या १९४७ च्या कादंबरीत तो ओरान शहराला वेढा घालतो, आणि युरोपीय वाचकाने त्याला नाझी फौजांच्या जागी वाचले. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’मध्ये तो अग्रहारातल्या बंद दारांआड येतो, ब्राह्मण प्रेताच्या संस्काराचा खल करीत बसलेले असताना उंदीर गिरक्या घेत मरून पडत असतात, आणि त्याचा अर्थ कोणी लावीत नाही. मला दुसरे उदाहरण जंतूच्या स्वभावाच्या अधिक जवळचे वाटते. अनंतमूर्तींना टोल-४ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. खूण समोर असून ती न वाचली जाणे हा त्यांचा विषयच होता.

मराठी मुलुखात १८९६ नंतरच्या पिढ्यांनी ही खूण वाचायला शिकून घेतली होती. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द ऐकताच माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. ऑगस्ट १९९४ मध्ये, देशात जवळजवळ तीन दशके प्लेगची नोंद नसताना, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि घरांत उंदीर मरून पडू लागले. गावकऱ्यांनी ते आरोग्य खात्याला कळवले. गाठी आलेले रोगी त्यानंतर मिळाले.